रूप आहे, संप्राप्ति नाही
पालकांनी रचलेल्या व निर्माण केलेल्या बालव्याधींविषयी

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी तिसरे साधन बालकाच्या बाबतीत अपुरे पडते, हे कौमारभृत्य शिकविताना आम्ही दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगत आलो. बालकाला प्रश्न विचारता येत नाही, म्हणून तो मातेला विचारायचा. ती सांगेल ते केसपेपरवर उतरवायचे आणि त्यावर चिकित्सेची मांडणी करायची. माता अहोरात्र बालकाजवळ असते. तिच्याइतके त्याला कोण ओळखणार? हे विधान बहुतेक वेळा खरेच असते. वैद्याने दुर्लक्षिलेली गोष्ट मातेने अचूक हेरली, असे प्रसंग आमच्या व्यवसायात शेकड्यांनी आले. परंतु क्वचित एखाद्या घरी हे विधान खरे नसते, आणि तेव्हा काय घडते याविषयी आपल्या वर्तुळात फारसे बोलले जात नाही. आम्हीही इतकी वर्षे बोललो नाही, कारण त्यात आमचीच चूक सांगावी लागते. प्रारंभ तिथूनच करतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

सुमारे अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्या एका गृहस्थांची चार वर्षांची मुलगी आमच्याकडे आली. तक्रार अतिसाराची. दिवसातून सहा-सात वेळा पातळ मलप्रवृत्ती, मधून मधून मुरडा. ज्वर नाही, रक्त नाही, आमाची लक्षणेही नाहीत. वजन साडेअकरा किलो. माता सुविद्य होती. विवाहापूर्वी वर्षभर तिने परिचारिकेचे शिक्षण घेतले होते. दोनशे पानी वहीत तिने मुलीच्या प्रत्येक मलप्रवृत्तीची वेळ, वर्ण आणि प्रमाण लिहून ठेवले होते. अशी वही आम्ही तोवर पाहिली नव्हती. दवाखान्यात शिकण्यासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे ती धरून, ‘रुग्णाचा इतिहास असा हवा,’ असे आम्ही कौतुकाने सांगितलेदेखील.

सात महिने चिकित्सा चालली. बालचातुर्भद्र झाले, कुटजाचे कल्प झाले, बेल झाला, ताकभात आणि डाळिंबाचा रस यांवर मुलगी ठेवून झाली. मलपरीक्षण तीनदा केले, तिन्ही वेळा निर्दोष आले. आठ-दहा दिवस बरे जात आणि पुन्हा मूळपदावर. प्रत्येक वेळी माता अधिक चिंतातुर, आणि आम्हीही. ‘डॉक्टर, आता तुमच्याशिवाय आम्हाला कोणी नाही,’ असे ती म्हणे. आम्ही ग्रंथ उघडून बसत असू. खरे सांगायचे, तर आम्हाला या रुग्णाचे आव्हान आवडू लागले होते.

याच घरातील सासूबाई मलावष्टंभासाठी आमच्याकडून स्वादिष्ट विरेचन चूर्ण नेत. सोनामुखी, ज्येष्ठमध, बडीशेप, शुद्ध गंधक आणि भरपूर साखर. चवीला असे की मूलही आनंदाने खाईल. एकदा त्या म्हणाल्या, ‘आठवड्यातून दोनदाच घेते हो मी, पण डबी पंधरा दिवसांत रिकामी होते बघा.’ आम्ही हसलो आणि त्यांना मोठी डबी दिली.

पुढे मुलीचे आजोबा, म्हणजे मातेचे वडील निवर्तले आणि ती दहा-बारा दिवस सिन्नरकडे माहेरी गेली. मुलीला शाळा चुकू नये म्हणून आजीजवळ ठेवले होते. तिसऱ्या दिवसापासून मल बांधून येऊ लागला. आजी तिला घेऊन आली तेव्हा वजनात जवळपास अर्ध्या किलोची वाढ होती. नेमके त्याच आठवड्यात आम्ही औषध बदलले होते. श्रेय कोणाला दिले असेल, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. माता परतली आणि दोन दिवसांत अतिसारही परतला. तेव्हाही आम्ही पथ्यभंगाची चौकशी केली, ती मातेकडेच.

शेवटी मुलीला आम्ही शहरातील एका तरुण बालरोगतज्ज्ञांकडे पाठविले. आठवड्याभराने त्यांचा दूरध्वनी आला. ‘सर, या घरात तुमच्याकडून एखादे रेचक जाते का?’ आम्हाला प्रथम राग आला. आयुर्वेदाच्या औषधांवर खापर फोडण्याचा हा नेहमीचा प्रकार, असे वाटले. ते शांतपणे म्हणाले, ‘औषधाला दोष देत नाही. ते कोण कोणाला देते आहे, एवढेच विचारतो.’ फोन ठेवल्यावर आम्ही रजिस्टर काढले. सात महिन्यांत सासूबाईंच्या नावावर गेलेल्या डब्या मोजल्या. त्या संध्याकाळी आणखी रुग्ण पाहणे आम्हाला शक्य झाले नाही.

या विकृतीला आधुनिक वैद्यकात जे नाव पडले, त्याला एक गमतीदार इतिहास आहे. मुंचहाउसेन हे अठराव्या शतकातील एक जर्मन सरदार. आपल्या पराक्रमाच्या अचाट थापा मारण्याबद्दल ते प्रसिद्ध होते आणि त्यांच्या नावाने १७८५ मध्ये एक विनोदी पुस्तकही निघाले. खोटी लक्षणे सांगत एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात फिरणाऱ्या प्रौढ रुग्णांना १९५१ साली रिचर्ड ॲशर या ब्रिटिश डॉक्टरांनी त्यांचे नाव दिले. १९७७ साली लीड्स येथील बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दोन बालकांची हकिगत प्रसिद्ध केली. तेथे थापा मारणारी व्यक्ती एक होती आणि रुग्ण दुसरा. म्हणून त्यांनी ‘मुंचहाउसेन सिंड्रोम बाय प्रॉक्सी’ असा शब्दप्रयोग केला. प्रॉक्सी म्हणजे आपल्या वतीने दुसऱ्याला उभे करणे.

त्यातील पहिली सहा वर्षांची मुलगी. मूत्रात रक्त आणि पू येण्याची तक्रार. सोळा तज्ज्ञांनी तिला तपासले. बारा वेळा तिला रुग्णालयात दाखल केले गेले. पाच वेळा मूत्राशयात दुर्बीण घातली गेली. आठ प्रकारची प्रतिजैविके झाली. मूत्राची तपासणी तर दीडशेच्या घरात गेली. दोष मुलीत नव्हताच. जे मूत्र मातेच्या हाती पडत होते, तेवढेच दूषित निघत होते. परिचारिकेने स्वतः घेतलेले नमुने स्वच्छ येत. दुसऱ्या बालकाच्या रक्तात मिठाचे प्रमाण वारंवार भयावह वाढे, आणि माता दूर असताना वाढत नसे. ते बालक आयुष्याच्या दुसऱ्या वर्षातच दगावले.

आम्ही या दोन हकिगती वाचल्या त्या उशिरा, आमच्या रुग्णबालिकेनंतर. सोळा तज्ज्ञ हा आकडा वाचून थोडे समाधान वाटले, हे लपविण्यात अर्थ नाही. पण त्याच ठिकाणी खरा धक्काही आहे. त्या मुलीला क्लेश दिले ते कोणी? मातेने नमुन्यात भेसळ केली. दुर्बीण घातली ती डॉक्टरांनी. या प्रकारच्या व्याधीत चिकित्सक प्रेक्षक नसतो. पालकाच्या हातातील शस्त्र तोच असतो, आणि जितका तो परिश्रमी, जितका जिज्ञासू, तितके ते शस्त्र धारदार.

नावे पुढे बदलत गेली. ब्रिटनमध्ये आता ‘फॅब्रिकेटेड ऑर इंड्यूस्ड इलनेस’, म्हणजे रचलेला किंवा निर्माण केलेला आजार, असे म्हणतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ ‘मेडिकल चाइल्ड अब्यूज’ असे म्हणतात, कारण त्यांच्या मते बालकावर काय झाले हे महत्त्वाचे, पालकाच्या मनात काय होते हे नंतर पाहता येईल. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या वर्गीकरणात तो ‘दुसऱ्यावर लादलेला कृत्रिम विकार’ म्हणून नोंदला गेला. नाव कोणतेही घ्या, प्रकार साधारण तीन दिसतात. काही पालक केवळ सांगतात: झटके येतात, श्वास अडतो, खाल्लेले उलटते, प्रत्यक्षात काही नसते किंवा थोडेसे असते ते फुगवून सांगितले जाते. काही जण नमुने, कागद, तापमापक यांत ढवळाढवळ करतात. आणि काही जण खरोखरच व्याधी उत्पन्न करतात. रेचके, मीठ, झोपेची वा मधुमेहाची औषधे देऊन, किंवा नाक-तोंड दाबून. पहिला प्रकार सर्वांत अधिक आढळतो आणि तिसरा सर्वांत विरळ; पण पहिल्यातून तिसऱ्याकडे जाणारी वाट बंद नसते.

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सोळा वर्षांखालील दर लाख मुलांमागे वर्षाला निदान ०.५, तर एक वर्षाखालील बालकांत २.८ असे प्रमाण आढळले. मेरी शेरिडन यांनी २००३ मध्ये जगभरच्या साहित्यातून ४५१ प्रकरणे एकत्र केली. त्यांतील सुमारे सहा टक्के मुले दगावली होती. लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी जवळपास बावीस महिने गेले होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका संकलनात ७९६ पालकांचा अभ्यास होता. त्यांपैकी बहुतांश स्त्रिया, बहुतेक त्या बालकाच्या माताच, आणि जवळपास निम्म्या जणींचा आरोग्यव्यवसायाशी काही ना काही संबंध होता असे नोंदले आहे. या आकड्यांवरून परिचारिका असलेल्या प्रत्येक मातेकडे वाकड्या नजरेने पाहू लागणे हा शुद्ध मूर्खपणा होईल. वैद्यकीय भाषा ज्याला अवगत आहे, त्याची कथा आपल्याला अधिक पटते, इतकाच त्याचा अर्थ आम्ही घेतो. दोनशे पानी वही आम्हाला पटली ती यामुळेच.

बालकाला पालकाच्या हातून अपाय होण्याच्या इतर तऱ्हा आपल्या महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. त्यांच्यापासून ही तऱ्हा वेगळी काढली पाहिजे. १९२० च्या दशकाच्या आरंभी मुंबई सरकारच्या डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी गिरणी-कारखान्यांतील कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या तान्ह्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू दिली जात असल्याचे त्यांनी नोंदविले. ‘बाळागोळी’ म्हणून ती मिळे. त्या मातांना कोणाचे लक्ष वेधायचे नव्हते; दहा-दहा तास यंत्रावर उभे राहायचे होते आणि मूल सांभाळायला घरी कोणी नव्हते. मेळघाटात तान्ह्या बाळाच्या पोटफुगीवर तापल्या विळ्याने ‘डंबा’ देतात, तिथे अज्ञान आहे, पण हेतू मूल वाचविण्याचाच आहे. तिसरी तऱ्हा नाशिककरांच्या चांगलीच स्मरणात आहे. १९९६ मध्ये उघडकीस आलेल्या गावित मायलेकींच्या प्रकरणात, चोरी करताना पकडले गेल्यावर जमावाचे लक्ष वळविण्यासाठी कोल्हापुरात एका पळविलेल्या मुलाला जमिनीवर आपटण्यात आले होते. जखमी मूल दिसले की माणसे विरघळतात, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तो सरळ गुन्हा होता आणि न्यायालयाने त्याला तसेच मानले.

आपण ज्याविषयी बोलत आहोत त्यात गरज नाही, अज्ञान नाही, आणि लुटायचे म्हणावे असेही काही नाही. पालकाला हवी असते ती रुग्णाच्या पालकाची जागा: वैद्याचा वेळ, परिचारिकेची सहानुभूती, शेजाऱ्यांचे ‘किती करते बाई मुलीसाठी’, कामावरून लवकर घरी येणारा पती. आमच्या रुग्णबालिकेच्या घरी आठवडेच्या आठवडे रात्रपाळी असे, आणि सासू-सुनेचे संभाषण जवळपास बंद होते, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळले. आम्ही विचारलेच नव्हते. तिच्याशी सलग अर्धा तास बोलणारा त्या काळात बहुधा आमच्याशिवाय कोणी नसावा.

आता शास्त्राकडे वळू. प्राचीन संहितांत हा विकार या नावाने वर्णिलेला आहे, असा दावा आम्ही करणार नाही. ‘सर्व काही आपल्याकडे होतेच’ या प्रकारच्या लेखनाचा आम्हाला कंटाळा आहे. पण तो ओळखण्याची साधने मात्र आपल्याजवळ आहेत आणि आपण ती गंजू दिली आहेत.

चरकाने विमानस्थानात रोगविज्ञानाची तीन प्रमाणे सांगितली: आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान. आप्त कोणाला म्हणावे, याची त्याची अट फार कडक आहे. रज आणि तम यांपासून जो मुक्त, तो आप्त. आजारी मुलाची माता, ती कितीही प्रामाणिक असो, भय आणि चिंता यांनी व्यापलेली असते. तिचे सांगणे मोलाचे आहे, पण ते आप्तवचन नव्हे. व्यवहारात आपण नेमकी हीच गल्लत करतो. तिच्या वाक्याला आप्तोपदेशाचे स्थान देतो आणि प्रत्यक्ष बाजूला सारतो. सात महिन्यांत त्या मुलीची एकही मलप्रवृत्ती आम्ही स्वतःच्या देखरेखीखाली झालेली पाहिली नव्हती. जे पाहिले ते डबीतून आणलेले.

काश्यपसंहितेतील वेदनाध्याय या दृष्टीने पुन्हा वाचावा, अशी आमची तरुण वैद्यांना विनंती आहे. नेपाळात मिळालेल्या खंडित हस्तलिखितावरून १९३८ मध्ये प्रकाशित झालेल्या या ग्रंथात, न बोलणाऱ्या बालकाची वेदना कशी ओळखावी याचे एक संपूर्ण प्रकरण आहे. डोके दुखत असेल तर बालक ते कसे हलविते, कान दुखत असेल तर हात कुठे नेते, पोटात शूल असेल तर स्तन कसे झिडकारते, उताणे पडून पोट कसे ताठ करते, चेहऱ्यावर घाम कसा येतो. यात माता काय म्हणते याचा आधार घेतलेला नाही. सारे लक्ष बालकाच्या देहावर. हा अध्याय आम्ही वर्षानुवर्षे परीक्षेसाठी शिकविला. दवाखान्यात मात्र खुर्ची मातेकडे वळवून बसलो.

आणि निदानपंचक. हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय, संप्राप्ति. त्या मुलीत रूप ठळक होते. हेतू सापडत नव्हता, पूर्वरूप कधी दिसले नव्हते, आणि संप्राप्ति जुळवू म्हटले तर जुळत नव्हती. अग्निमांद्य म्हणावे तर भूक उत्तम. आम म्हणावा तर जिव्हा स्वच्छ. दीर्घकालीन ग्रहणी म्हणावी तर दहा दिवसांत मूल टवटवीत होते आणि अकराव्या दिवशी, कोणताही बदल नसता, कोसळते. रूप असून संप्राप्ति लागत नाही, तेव्हा आपण ‘दुर्मिळ व्याधी’ असे म्हणून ग्रंथांत शोधू लागतो. ती बाहेरून तर येत नाही ना, हा प्रश्न त्याआधी विचारायला हवा. गूढलिंग व्याधी उपशय-अनुपशयाने पारखावी, हेही चरकाचेच सांगणे. पालकापासून काही दिवस दूर ठेवणे हाच येथील उपशय. तो नियतीने आम्हाला फुकट दाखविला होता, माहेरच्या त्या दहा-बारा दिवसांत. आम्ही तो औषधाच्या नावावर जमा केला.

इथवर वाचून एखाद्या वैद्यबंधूंच्या मनात आपल्या दवाखान्यातील एखादी माता उभी राहिली असेल, तर त्यांनी क्षणभर थांबावे. या विषयाची दुसरी बाजू पहिलीइतकीच भीषण आहे.

सुश्रुताने कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात अन्नात विष घालणाऱ्याची लक्षणे दिली आहेत. तो विचारलेल्याचे उत्तर देत नाही, बोलू जाता गोंधळतो, बोटे मोडतो, भूमी उकरतो, अकारण हसतो, कापतो, इकडेतिकडे भयाने पाहतो. हा भाग सर्वांना ठाऊक असतो. त्याला लागूनच येणारी पुस्ती मात्र फारसे कोणी सांगत नाही. राजाच्या भयाने किंवा त्याच्या आज्ञेच्या घाईने निरपराध माणसेही असेच वागतात, म्हणून नीट परीक्षा करावी, असे तो बजावतो. दोन हजार वर्षांच्या आसपासचा हा इशारा विसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये विसरला गेला.

मेडो यांची कीर्ती पुढे एवढी वाढली की न्यायालये त्यांचा शब्द प्रमाण मानू लागली. सॅली क्लार्क या वकील महिलेची दोन बालके १९९६ आणि १९९८ मध्ये अचानक दगावली. खटल्यात मेडो यांनी सांगितले की अशा कुटुंबात दोन आकस्मिक बालमृत्यू नैसर्गिकपणे होण्याची शक्यता सात कोटी तीस लाखांत एक आहे. हा आकडा एका मृत्यूच्या शक्यतेचा स्वतःशीच गुणाकार करून काढलेला होता. एकाच घरातील दोन भावंडांत आनुवंशिक दोष समान असू शकतो, याचा त्यात विचारच नव्हता. १९९९ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्या आकड्यावर जाहीर आक्षेप घेतला, आणि दुसऱ्या बालकाच्या जंतुपरीक्षणाचे अहवाल बचावपक्षाला दिलेच गेले नव्हते हेही उघड झाले. २००३ च्या जानेवारीत त्या सुटल्या. २००७ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच २००३ च्या जूनमध्ये भारतीय वंशाच्या एका फार्मासिस्ट मातेची तीन बालकांच्या हत्येच्या आरोपातून निर्दोष मुक्तता झाली. त्या खटल्यात तिची वृद्ध आजी भारतातून साक्षीला गेली होती. स्वतःच्या बारा मुलांपैकी पाच मुले आपण तान्हेपणी गमावल्याचे तिने सांगितले. प्रसूतिगृहातून आल्यावर ‘घरात मुले जगत नाहीत’ असे कुजबुजणारी घरे आपल्यापैकी कोणी पाहिली नाहीत? ऑस्ट्रेलियात कॅथलीन फोल्बिग यांनी चार मुलांच्या मृत्यूबद्दल वीस वर्षे कारावास भोगला. त्यांच्या दोन्ही मुलींमध्ये हृदयाच्या लयीशी संबंधित जनुकदोष आढळल्यावर २०२३ मध्ये त्यांना माफी मिळाली आणि त्याच वर्षी दोषसिद्धीही रद्द झाली.

तथापि संशय कधीच घेऊ नये, असा निष्कर्ष यातून निघत नाही. डेव्हिड साउथॉल यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, संशय असलेल्या ३९ बालकांच्या खोलीत पालकांच्या नकळत चित्रीकरण केले होते; त्यांपैकी ३३ बालकांच्या बाबतीत छळ प्रत्यक्ष दिसला. म्हणजे सहांच्या बाबतीत दिसला नाही. हे दोन्ही आकडे सारख्याच गांभीर्याने लक्षात ठेवावेत.

आपल्याकडे या संशयाला आणखी एक धार आहे. मूल आजारी पडले की सुनेला बोल लावण्याची परंपरा जुनी आहे. नाशिकच्या आदिवासी पट्ट्यात आणि त्यापलीकडे नंदुरबारकडे एखाद्या स्त्रीला ‘डाकीण’ ठरविण्याचे प्रकार घडत आले आहेत; २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा काही उगाच करावा लागला नाही. अशा समाजात वैद्याच्या तोंडून निघालेला एक अविचारी शब्द काय करू शकेल, याची कल्पना करावी. ब्रिटनमधील बालरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०२१ च्या मार्गदर्शनात यासाठी मधली पायरी सुचविली आहे. कथा आणि बालकाची स्थिती जुळत नाही एवढेच आधी नोंदवावे. मुलाला तातडीचा धोका नसेल तर आरोप न करता सर्व चिकित्सकांनी एकत्र बसावे, अनावश्यक तपासण्या व औषधे थांबवावीत, आणि मुलाला शाळेत, खेळात परत आणण्याची एकच योजना पालकांपुढे ठेवावी. चिंतेने गांजलेली माता अशा योजनेने हलकी होते. ज्या पालकाला मूल बरे होणेच नको असते, तो ती मोडून काढतो. निदान तिथेच बरेचसे होते.

आमच्या दवाखान्यात त्या प्रसंगानंतर काही गोष्टी बदलल्या. केसपेपरवर ‘पालकांनी सांगितले’ आणि ‘आम्ही पाहिले’ असे दोन स्वतंत्र रकाने आले. दुसरा रकाना रिकामा राहिला की तो डोळ्यांत खुपतो. बालकाचे वजन दर भेटीला आमच्याच काट्यावर होते. पित्याला किमान एकदा, आणि शक्य तर आजीला किंवा शाळेच्या बाईंना, आम्ही वेगळे भेटतो. आधी पाहिलेल्या चिकित्सकांशी थेट बोलतो. मग ते कोणत्या पॅथीचे आहेत हा प्रश्न नसतो. एकच बालक गंगापूर रोडला एका डॉक्टरांकडे, पंचवटीत एका वैद्यांकडे आणि नाशिकरोडला तिसरीकडे, तिघांना एकमेकांचा पत्ता नसताना उपचार घेत असते, ही परिस्थिती आपणच आपल्या अबोल्याने निर्माण केली आहे.

औषधांविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. वत्सनाभ, जयपाल, धत्तूर, अहिफेन अशी द्रव्ये औषध नियमांच्या अनुसूची ‘ई-१’ मध्ये आहेत आणि त्यांच्या कल्पांवर वैद्याच्या देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. सोनामुखी त्या यादीत नाही. जायफळही नाही. बाळगुटीतले जायफळ दोन वेढ्यांऐवजी वीस वेढे उगाळले, तर बाळ किती झोपेल हे कोणत्याही आजीला ठाऊक असते. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य आपणच रुग्णांना शिकविले. ते ज्याच्या हाती पडेल तो त्याचा उपयोग करील. घरातील प्रौढासाठी दिलेले विरेचन आम्ही आता पुड्यांत, मोजून देतो. डब्या बंद केल्या.

तीव्र संशय असेल तर एकट्याने पालकाला जाब विचारण्याचा मोह टाळावा. कुटुंब दवाखाना बदलते आणि बालक आणखी दूर जाते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. बालरोगतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात दाखल करणे, मूल ज्याच्या ताब्यात राहील त्याच्यावर देखरेख असणे, आणि नमुने रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांनी घेणे, हा क्रम योग्य. बालकाच्या जिवाला धोका वाटल्यास जिल्हा बालकल्याण समितीला कळवावे. १०९८ हा दूरध्वनी चोवीस तास चालू असतो. बालन्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७५ अन्वये, ज्याच्या ताब्यात बालक आहे त्यानेच केलेली क्रूरता दंडनीय आहे. त्यामुळे बालकाला अपंगत्व किंवा जीविताचा धोका उद्भवल्यास तीन ते दहा वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद आहे. अपाय करण्याच्या हेतूने विष किंवा गुंगीचे द्रव्य देण्याचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ मध्ये येतो. पण कायदा हा शेवटचा दरवाजा. त्या मातेलाही चिकित्सेची गरज असते, आणि मनोविकारतज्ज्ञाकडे तिला कोण व कसे नेणार, या प्रश्नाला आमच्याजवळ सोपे उत्तर नाही.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. बालरोगतज्ज्ञांनी तिला दाखल करून घेतले. पाच दिवस परिचारिकेच्या हातचे अन्न, मल बांधून. सहाव्या संध्याकाळी माता घरून दूध घेऊन आली. त्या रात्री चार वेळा अतिसार. त्या मलाची सोनामुखीसाठी तपासणी करून देणारी सोय आम्हाला त्या वेळी शहरात मिळाली नाही. पित्याशी आम्ही दोघांनी मिळून बोलायचे ठरविले. ते ऐकताना पांढरे पडले, मग संतापले. ‘डबी माझ्या आईची आहे. दिलं असेल तर तिनं दिलं असेल,’ असे म्हणाले. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या जबाबदारीवर लिहून देऊन त्यांनी मुलीला घरी नेले. आम्ही समितीला कळविले नाही. डबी हातात घेतलेले कोणालाच कोणी पाहिले नव्हते. आमचे सारे अनुमानच होते, आणि सुश्रुताची ती पुस्ती आम्ही स्वतःच्या भित्रेपणासाठी वापरली, असे आज वाटते.

ते कुटुंब पुन्हा आमच्याकडे आले नाही. दोन वर्षांनी सासूबाई एकट्या आल्या, गुडघेदुखीसाठी. नात आता गावी थोरल्या जावेकडे असते, तिसरीत गेली, असे त्यांनी आपण होऊन सांगितले. आम्ही वजन विचारले. ते त्यांना माहीत नव्हते. ‘पण फ्रॉक आखूड होतात आता दर सहा महिन्यांनी,’ असे म्हणाल्या, आणि तेलाची बाटली घेऊन गेल्या.